सप्टेंबरसाठी पुस्तकं निवडताना

बुधवारी अकराला मुलं येतील.
आज सोमवार. पुंता आरेनासमध्ये वारा सुटलाय,
आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत
मी, एदुविना बारिया, वय एकसष्ट,
फरशीवर फतकल मारून बसलेय
वसंताची सव्वीस पुस्तकं पुढ्यात घेऊन.

वाक्य एका श्वासात बसलं पाहिजे.
माझ्या श्वासात. पोरांना काय, दम असतोच.
म्हणून हे निळं बाद. देखणं आहे,
पण दुसऱ्या पानावरच धाप लागते,
आणि सशाच्या आधी मला कळतं
की शेवटी त्याला शहाणपण येणार आहे.

हे जाड पुठ्ठ्याचं मात्र ठेवते.
कोपऱ्यावर दातांचे ठसे आहेत,
बहुतेक येर्कोचे. तो आता मोठ्या शाळेत जातो
आणि रस्त्यात भेटला तर ओळख देत नाही.
चावलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक,
त्याचा मी दंड घेत नाही.

अडचण दरवर्षीचीच.
ही पुस्तकं वरून येतात,
बोटीतून, खोक्यांतून, पृथ्वीच्या त्या अंगाहून,
आणि झाडून सगळ्यांत वसंत मार्चमध्ये येतो.
मार्चमध्ये!
मार्चमध्ये आमच्या लेंगाची पानं तांबडी होतात,
सरपणाचा ट्रक दाराशी लागतो,
आया हरवलेले लोकरी मोजे शोधू लागतात.
एका वर्षी मी मार्चवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या,
सुबक अक्षरात सप्टेंबर लिहून.
मियारायनं नखानं एक पट्टी सोलली,
खालचा मार्च बघितला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं वाण्याच्या तराजूखाली चुंबक सापडल्यावर पाहावं.
पट्ट्या बंद.

आमचा वसंत यातल्या कुठल्याच चित्रात नाही.
तो आधी नुसता वारा असतो.
नगरपालिका चौकात दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून,
आणि टोप्या सामुद्रधुनीकडे निघून जातात.
कैकेन हंस फुटबॉलच्या मैदानात उतरतात,
गोलकीपरला हुसकून लावतात.
नोत्रो पेटतं ते पार ऑक्टोबरात, लालभडक,
तोवर माझ्या घशाचं भरीत झालेलं असतं.

गेल्या साली नावेल, चार वर्षांचा,
पुस्तक उलटं धरून बसला होता.
झाडं खाली लोंबत होती, ढग त्याच्या मांडीवर,
आणि तो बोट ठेवून, न अडखळता,
मोठ्यानं काहीतरी वाचत होता.
सरळ करायला मी हात पुढे केला,
मग मागे घेतला.

उरलं हे शेवटचं. सगळ्यांत बारीक.
शब्द मोजून अकरा.
एका पानावर तर काहीच घडत नाही, फक्त माती,
कडेपासून कडेपर्यंत तपकिरी.
छापणाऱ्याची चूक असावी, असं वाटलं होतं पहिल्यांदा.
पण या पानावर पोरं गप्प होतात. सगळी. तीसुद्धा
जी खोलीभर गाड्या फिरवत असतात.
मी पानावर टकटक करते
आणि कान लावते.
कुणीतरी विचारतंच, आत आहे का कोणी?
मी सांगत नाही. मलाही दर वेळी
खात्री नसते.

म्हणून आता मोठ्यानं वाचून बघते,
रिकाम्या खोलीला, रिकाम्या उशांना,
किती वेळ थांबायचं ते मोजत.
एक. दोन. टकटक.
तीन.

दारात ओनोफ्रे उभा आहे, कुलपांच्या किल्ल्या
मुठीत घट्ट दाबून, वाजू नयेत म्हणून.
किती वेळ उभा होता कोण जाणे.
"मग?" तो विचारतो.
"मग काय?"
"आत कोण होतं?"
"बुधवारी ये. अकराला."
"बुधवारी माझी सुट्टी असते," तो म्हणतो,
दिवे मालवायला लागतो,
दोन मालवतो,
तिसरा राहू देतो.