सोमवारची सुई

वार शालननं ठरवला.
सोमवारी आमच्या खानावळीत मासळी नसते.
वालाची उसळ, वरण, कढी.
त्या दिवशी भूक मेली तरी
फारसं नुकसान नाही, हा तिचा हिशोब.

पोटाची चिमूट धरायची, बेंबीपासून चार बोटं लांब.
पेन टेकवायचं, टिक्, मग सहापर्यंत मोजायचं.
चाळीस वर्षं मी पापलेटांची पोटं फाडली,
पहिल्या सोमवारी माझा हात असा थरथरला
की बाबल वाढपी गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला.

डॉक्टर वालावलकर म्हणाले, हे इन्शुलिन नव्हे.
आतड्यात एक निरोप्या असतो,
घास पोचला की वर जाऊन सांगतो, पुरे.
हा त्याच्यासारखाच, फक्त आठवडाभर टिकणारा.
आणि याच्या थोरल्या भावाचं मूळ, म्हणाले,
वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या लाळेत सापडलं,
जो वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो.

घरी आलो तर चिऱ्याच्या गडग्यावर घोरपड.
आयुष्यात पहिल्यांदा
मी तिच्यासाठी वाट सोडून उभा राहिलो.

त्याआधी गोळी होती, साखर लघवीतून बाहेर काढणारी.
न्हाणीच्या मोरीवर मुंग्यांची रांग लागे.
आप्पांच्या वेळीसुद्धा पहिली बातमी मुंग्यांनीच आणली होती.
तेव्हा त्या आजार चाटत होत्या,
माझ्या वेळी इलाज.

आप्पांना जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस,
कुणीतरी सांगितलेला कसलासा पाला.
मग अंगठा गेला. मग पाऊल.
सावंतवाडीहून एसटीनं परत येताना
उरलेली एक चप्पल
त्यांनी वेंगुर्ल्यापर्यंत मांडीवर धरली होती.

वादळात तीन दिवस वीज नव्हती.
नवं पेन घेऊन बंदरावर गेलो, इनासच्या होडीवर.
"हय ठेव," तो म्हणाला, "पण बर्फाक लावू नको,
गोठला तर गेला."
केळीच्या पानात गुंडाळून बांगड्यांच्या वर ठेवलं.
पुढे महिनाभर
माझ्या औषधाला बांगड्याचा वास येत होता
आणि तोही मला नकोसा होता.

कारण भूक खरोखरच गेली.
मळमळ पंधरा दिवसांत थांबली, भूक मात्र गेली ती गेलीच.
तिखल्यात तिरफळं टाकतो, वाफ नाकात जाते,
आत कुणी उठत नाही.
एका गुरुवारी कढी, दुसऱ्या दिवशी सुरमईचं सार,
दोन्हीकडे माझा हात चुकला.
रेडीचा ट्रकवाला ताटावरून हळूच म्हणाला,
"मीठ जास्त झाला, भाऊनू."
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता चव शालन घेते.
बत्तीस वर्षं ती माझ्यानंतर जेवली,
उरलेल्या डोक्याशी, शेपटीशी.
आता सगळ्यांच्या आधी
वाटीभर सार तोंडाला लावून डोळे मिटते.
मी पळी धरून उभा, परीक्षेच्या निकालाला उभा असावा तसा.
"थोडं आगळ घाल," म्हणते.
एवढी वर्षं तिला हे कळत होतं?

पैशाचं म्हणाल तर एक पेन म्हणजे
मोसमातल्या हापूसच्या चार पेट्या.
तिरोडकर मेडिकलवाला म्हणतो, थांबा, देशी येतंय,
पुढे एकाच सुईत दोन-दोन, तीन-तीन निरोपे बांधलेलं येईल,
चाचण्या चालल्यायत कुठे कुठे.
मी म्हणतो, येऊ दे.
त्या निरोप्यांत एखादा असा ठेवा म्हणावं
जो सांगेल, मीठ बरोबर आहे.

नऊ पूर्णांक आठचे सहा पूर्णांक नऊ झाले.
रिपोर्ट गल्ल्याच्या काचेखाली ठेवलाय,
गिऱ्हाईक समजतं दरपत्रक.
रात्री दिवा मालवायच्या आधी
पायाची बोटं मोजतो. दहा.
शालन म्हणते, रोज काय मोजतोस, कुणी चोरतंय?

रविवारी दुपारकडे भूक थोडी परत येते,
मारून हाकललेल्या ओळखीच्या कुत्र्यासारखी,
उंबऱ्याबाहेरच बसते, आत येत नाही.
मी बांगड्याचा एक तुकडा घेतो. अर्धा खातो.
उरलेला अर्धा ताटात तसाच ठेवून
बराच वेळ बघत बसतो.
उद्या सोमवार.