वाडीला चालत

पंचगंगेच्या घाटावर पहाटे साडेतीनला
नणंद आधीच येऊन बसलेली,
चपला पायरीवर, पाय पाण्यात.
मी चार पायऱ्या वर थांबलो.
सात वर्षं झाली, उचगावच्या अकरा गुंठ्यांवरून
आमचं बोलणं बंद आहे.

नवस ह्यांचा. साखरेनं पायाचं बोट गेलं
तेव्हा दवाखान्यात बोलून बसले :
उरलेला पाय ऱ्हाऊ दे, चालत येतो वाडीला.
पाय राहिला. चालणं राहिलं नाही.
मग म्हणाले, माझ्या वाटचं दोघी चाला,
एक बहीण, एक बायको,
मिळून माझं एक माणूस होतंय.
चावट माणूस.

रुकडीपर्यंत ती पुढं, मी मागं.
मधे उसाची एक ट्रॉली मावेल एवढी जागा.
तिचा अंबाडा आता लिंबाएवढा.
मानेवर तीळ, थेट भावासारखा.
तीस वर्षं एका घरात वावरलो, कधी दिसला नव्हता.
डाव्या पायावर भार टाकून चालते, हे पण.

ह्यांचा फोन. आधी तिला, मग मला.
कुठं आलाय?
ती म्हणाली, माणगाव.
मी पण म्हणालो, माणगाव.
"मग एकाच ठिकाणी हायसा की,"
म्हणाले, आणि ठेवला.

रुईच्या अलीकडं ती बांधावर बसली.
टाचेला फोड, आवळ्याएवढा.
मी पुढं जाऊन उभा राहिलो, बोरीकडं बघत.
"सुई हाय?"
सात वर्षांत पहिलाच शब्द, आणि तोही टोचणारा.
"दोऱ्यासकट हाय."
पाय मांडीवर घेतला.
फोड फोडायचा नसतो, आरपार ओवायचा,
दोरा आतच ठेवायचा, पाणी त्याच्या वाटेनं जातं.
हे तिनंच शिकवलेलं, माझ्या लग्नाच्या साली,
जोतिबाचा डोंगर उतरून आलो तेव्हा.
तेव्हा पाय माझा होता, मांडी तिची.
ते काही कुणी काढलं नाही.

इचलकरंजीत रात्र. भिंतीपलीकडं माग,
खटक फटक, खटक फटक,
झोप येते तीही आडवी-उभी विणून.
सतरंजी एकच. तिनं मधे पिशव्यांचा बांध घातला.
पहाटे बघतो तर बांध वीतभर सरकलेला.
कुणाच्या बाजूला, ते सांगत नाही.
मोजणी कोण आणणार?

शिरढोणच्या पुढं एका घराच्या भिंतीवर
महापुराची रेघ, निळ्या ऑइलपेंटची.
ती खाली उभी राहिली, हात वर केला.
बोटं पोचली नाहीत.
"तुझ्या माहेरची जनावरं गेली न्हवं त्या साली?"
"दोन म्हशी. एक गाभण."
"कळलं होतं मला."
मग बराच वेळ रस्त्याकडंला
नुसता पाचटाचा वास.

संगमावर लोक म्हणतात दोन पाणी वेगळी दिसतात.
मला दिसली नाहीत.
तिला दिसली म्हणे.
पादुकांपुढं तिनं भावाचं नाव घेतलं, मी घेतलं नाही,
ओठ हलवले फक्त, बायकोनं हलवायचे तसे.
बाहेर आल्यावर कवठाची बर्फी घेतली तिनं, पावशेर,
साखरेच्या माणसासाठी.
"वास तरी घेईल," म्हणाली.

गुंठ्यांचा विषय निघाला नाही.
निघेल. फेब्रुवारीत तारीख आहे.

एसटीत चढलो तर ती खिडकीला,
शेजारच्या सीटवर पिशवी टाकलेली.
एक मास्तर विचारून गेले, एक बाळंतीण विचारून गेली.
"माणूस हाय," एवढंच म्हणत होती, बाहेर बघत.
मी पिशवी उचलली, मांडीवर घेतली, बसलो.

फोन वाजला.
"पोचलो," म्हणालो.
आमच्या कोल्हापुरात बाई पण आलो म्हणते, गेलो म्हणते.
एकटी का दोघी, शब्दावरून कळत नाही.
"कोण?" ह्यांनी विचारलं.
खिडकीकडचं तोंड न वळवता ती म्हणाली,
"सांग की, पोचलो म्हणून."