रकाना सातवा

अनुदानाच्या अर्जात रकाना सातवा:
माहिती किती जणांपर्यंत पोचली?
मी लिहिलं, बाराशे चाळीस.
तेवढी पत्रकं छापली होती जेल रोडला,
दोन रंगांत. तिसरा मंजूर नव्हता.

अक्षर न येणाऱ्यांसाठी चित्रं:
सूर्य, म्हणजे सकाळची गोळी.
चंद्र, म्हणजे रात्रीची.
पलासियाच्या कचेरीत सगळ्यांनी माना डोलावल्या,
मग पोहे आले.

बायपासच्या बांधकामावर
अलीराजपूरकडची रेमलीबाई
विटांवर बसून गोळ्यांची पट्टी उलगडते.
मधल्याच दोन-तीन रात्री तशाच शिल्लक.
तिची भिली, माझी इंदुरी मराठी,
मध्ये दोघींची मोडकी हिंदी.
का गं, विसरलीस?
ती खोकते, थांबते,
पत्रकातल्या चंद्रावर बोट ठेवते, मग वर आभाळाकडे:
अवसेला चांद होता कुठं?

म्हणजे पत्रक वाचलं होतं तिनं.
बाराशे चाळिसांत बहुधा
तिनं एकटीनंच.

घरी येऊन सातवा रकाना खोडला.
पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात
चित्रं तपासायला सल्लागार, एक.
नाव: रेमलीबाई.
मानधन: तिच्या बुडणाऱ्या रोजाच्या दुप्पट.
शैक्षणिक पात्रता:
इथं अजून पेन टेकवून बसले आहे,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.