दर हजारी

माझं अक्षर चांगलं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.
शनिवारी, रजिस्ट्रारच्या कचेरीत, गॅसच्या दिव्याखाली
आठवड्याची मयतं रकान्यांत उतरवायची.
गोवर सात. डांग्या खोकला चार.
लाल ताप अकरा, त्यातली नऊ पाचाच्या आतली.
हगवण ऑगस्टात भरते, नाताळपर्यंत ओसरते.

हिशेब सोपा आहे:
मेलेल्यांना हजाराने गुणायचं, जित्यांनी भागायचं.
टोलर टेकडीवर उत्तर येतं सोळा.
खाली कालव्याकाठी, चांभारांच्या यार्डात, एकेचाळीस.
मधलं अंतर चालत अकरा मिनिटं,
चढ धरून.

टेकडीवर घरोघरी नळ.
यार्डात चौतीस घरांना एक पंप,
आणि पंपाला खेटून तो खड्डा,
ज्याला अहवालात मी दरवेळी वेगळं नाव शोधतो.

हेप्झिबा ऑर्मरॉड तिसऱ्यांदा आली,
गिरणीतून थेट, भुवयांवर कापूस.
आधी जोएल. मग एक, नाव ठेवायच्या आत गेलेलं.
आता सेलिना, वय वर्षं चार.
सहीच्या जागी ती फुली मारते.
तिची फुली मी ओळखतो: एक रेघ लांब, दुसरी घाईची.

म्हटलं, इथे नाही नोंदवायचं.
तापाचं इस्पितळ आता पुलापलीकडे गेलंय.
पोर तिकडे गेली, म्हणजे तिकडची.

"राहायची तर इथे."
हो.
"ताप इथलाच."
हो.

शाल आवळून ती पुलाकडे निघाली.
अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली असणार,
हे मला जेवताना सुचलं.

वर्षअखेर यार्डाचा दर एकोणतीसवर आला.
कौन्सिलने मेजवानी दिली, मटण आणि पोर्ट.
पंपाला हिरवा रंग द्यायचा ठराव एकमताने पास झाला.
मला अक्षरासाठी एक गिनी.

शुद्ध प्रत करताना टाक थांबला,
आणि दोन आणि नऊच्या मधे शाईचा ठिपका पडला.
पान बदलायला हवं होतं. रात्र झाली होती.
छापखान्यातल्या पोराने तो दशांश समजून लावला.
दोन पूर्णांक नऊ.
कुणीही विचारलं नाही.
काउंटीकडून अभिनंदनाचं पत्र तेवढं आलं.

मार्चात हेप्झिबा पुन्हा दिसली,
माझ्या खिडकीवरून, कडेवर काहीतरी गुंडाळलेलं.
आत डोकावली नाही.
तिला आता रस्ता माहीत होता.