बिजागरी

आर्टरी फोर्सेप उघडून दिव्याखाली धरायचा
आणि बिजागरीत बघायचं.
टोकं सगळ्यांचीच चकचकीत असतात.
रक्त लपतं ते सांध्यात.

रुवीच्या इस्पितळात, जमिनीखालच्या मजल्यावर
नऊ वर्षं गेली अशी:
ब्रश, कोमट पाणी, भिंग,
हिरव्या कापडाचे गठ्ठे, वर चिकटपट्टी.
पट्टीवरच्या फिकट रेघा भट्टीतून काळ्या होऊन येतात.
ताप सोसला, एवढंच त्यावरून कळतं.
आधी नीट धुतलं होतं का,
ते पट्टी सांगत नाही.

वर कुणाचं पोट उघडलंय, मला माहीत नसतं.
बरक्याचा कोळी असेल,
नाहीतर परांचीवरून पडलेला आपलाच कुणी गवंडी.

बाबा जालन्याला मिशन दवाखान्यात बॉयलर सांभाळायचे.
शांतवन ओहोळ. वाफेचा दाब कानाने ओळखायचे.
रविवारी देवळाची घंटा झाली, की आई दारात चप्पल घालून उभी,
आणि हे म्हणायचे,
डॉक्टरीणबाईंचं पाणी उकळू दे,
माझं आमेन थांबेल तेवढं.
उपासना अर्धी झाल्यावर मागच्या बाकावर येत,
अंगाला कोळशाचा वास,
आणि गीताची उरलीसुरली ओळ
सगळ्यांहून मोठ्याने म्हणत.
मला लाज वाटायची.

इथे रविवार शुक्रवारी येतो.
चर्चच्या आवारात सकाळपासून भाषांच्या पाळ्या,
मल्याळम, तमिळ, तेलुगू, उर्दू.
मराठीला संध्याकाळी साडेसात, मागची खोली,
अकरा कुटुंबं, एक खोकणारा एसी.
पेटी मी वाजवायचे.

बदरिया आमची मोठी.
पहिल्या दिवशी तिला सलाम केला,
तिला वाटलं, विमानात शिकून आले.
म्हटलं, आमच्याकडे ख्रिस्ती माणसं
एकमेकांना सलामच करतात, पणजोबापासून.
तिला फार हसू आलं.
तेव्हापासून तिच्या नमाजाच्या वेळी टेबल मी बघते.

उत्तम शुक्रवार होता. सात वाजत आलेले.
ट्रे क्रमांक चौदा, बावीस हत्यारं.
एकवीस उघडून पाहिली.
बाविसावं पाहिल्यासारखं केलं.
सही केली, करुणा ओहोळ, नेहमीची वळणदार,
आणि पळाले.

पेटीवर बसले. सूर लागला.
पाळक वाचत होते:
सुभेदाराने पाणी मागवलं,
लोकांदेखत हात धुतले.
किती वर्षं ऐकतेय ही ओळ.
त्या दिवशी मात्र माझी बोटं
काळ्या पट्ट्यांवर थबकली,
भाता रिकामाच सुसकारत राहिला.

टॅक्सीवाला सलालाच्या पावसाबद्दल बोलत होता.
मी हूं हूं करत होते.

बदरिया अजून तिथेच. ट्रे चौदा तिच्यापुढे उघडा,
भट्टीत गेलाच नव्हता.
तिने काही न बोलता भिंग माझ्याकडे सरकवलं.
बाविसाव्याच्या बिजागरीत
तिळाएवढं, तपकिरी.

कसं कळलं?
ती म्हणाली, तुझा सण होता ना.
सणाला माणूस घाई करतं.
ईदच्या आदल्या रात्री मीही केली होती एकदा,
तेव्हा मागून बघणारं कुणी नव्हतं.
पुढचं तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

धुतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा धुतलं.
नोंदवहीत चूक लिहिली, माझ्याच नावापुढे.
त्या महिन्याची बढती गेली ती गेलीच.
घरी फोनवर म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

आता पेटी शलोमी वाजवते. माझ्याहून बरी.
ट्रे संपल्यावर मी जाते, कधी अर्ध्यावर, कधी आशीर्वादाला,
बोटांना औषधाचा उग्र वास.
दाराबाहेर चपला काढतानाच
कुठलं कडवं चाललंय ते कळतं.
उरलेलं म्हणते.