तपासले

पार्किंगमधल्या सात नंबरच्या खांबाशी,
जिथं माझी गाडी कधीच नव्हती,
तिथं ती दोन पावसाळे पालथी पडून होती,
रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखी.

सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक चार:
खांबेटे बाईंची होडी.
धायरीत समुद्र कुठंय, कुणीतरी विचारलं.
मी म्हटलं, धायरीत विमान तरी कुठं उतरतं,
तुमचा मुलगा पायलट होतोच आहे ना?
मग टाकीच्या गळतीचा विषय निघाला.

एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात ट्रेसिंग केलं मी.
बारीक निब, ब्लेडनं हलकेच खरवडलेली चूक,
आणि कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात
तीन घरांची चौकट:
काढले. तपासले. मंजूर.
पहिल्या घरात माझं म. खां.
उरलेली दोन कायम दुसऱ्यांची.

या वेळी तिन्ही माझ्याकडे आली.
पहिल्यात सही केली, तिसऱ्यातही,
मधल्यावर पेन टेकवलं
आणि उचललं.

लाकूड भवानी पेठेतलं.
यासीनभाईंनी एकेक फळी कानाशी धरून ठोकली:
ही बोलते. ही नाही बोलत.
कडेच्या पट्ट्या वाकवायला वाफ हवी,
म्हणून माळ्यावरचा बंब खाली आला,
त्याच्या तोंडाला पाइप जोडला.
पट्टी करकरायची, थांबायची,
आणि मग, आपल्याला वाटतं तेव्हा नाही,
तिला वाटेल तेव्हा ऐकायची.
तीन मोडल्या. एकीची फडताळाला फळी झाली.

इंजीन हर्णैहून, आठ घोड्यांचं, जुनं,
पोत्यात शिवून एस.टी.नं आलं.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

वार्निशच्या शेवटच्या हातात एक माशी अडकली.
काढली असती तर ओरखडा राहिला असता.
राहू दिली.

परवा सकाळी टेम्पो आला.
फाटकातून जाताना दोन्ही अंगांना चार-चार बोटं उरली.
मापं माझीच होती, तरी मी पोट आत ओढलं,
जणू त्यानं ती बारीक होणार होती.
खडकवासल्याला कणसं भाजणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.
डोणजे, खानापूर, पानशेत.
दर खड्ड्याला मला एक सांधा आठवत गेला.

थर्माकोलच्या तराफ्यावर एक जण जाळं सोडवत होता.
किती माणसं बसतात? त्यानं विचारलं.
चार.
कागदावर का?
हो, म्हटलं, कागदावर.

नारळ माझ्यानं फुटेना, यासीनभाईंनी फोडला.
उतारावरून ती गेली ती अशी गेली,
की धक्का द्यायला लावलेले आमचे हात
हवेतच राहिले.
ओजस उडी मारून चढला, मी चढले नाही,
मला चढवलं.
चौथ्या ओढीला इंजीन खोकलं, पाचव्याला बोललं.

मग घोट्याला गार लागलं.
बूच!
तळाचं बूच माझ्या पर्समध्ये, बसच्या पासाशेजारी,
आणि पर्स टेम्पोत.
ओजसनं चप्पल भिरकावून भोकावर टाच दाबली.
मी चहाच्या डब्यानं पाणी उपसलं
आणि एका हातानं दांडा धरून
तिला सरळ पुढंच नेलं.
वळायला हवं होतं, हे मला कळत होतं.

मध्यावर इंजीन बंद केलं.
इतकं गप्प झालं की डब्यातून गळणारे थेंब
एकेक ऐकू आले.
पाणी कुठवर येईल याचा हिशोब करून
मी बाजूवर एक पांढरी रेघ ओढली होती.
वाकून पाहिलं.
मागं पाणी रेघेच्या दोन बोटं वर,
पुढं बोटभर खाली.
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ड्रॉइंग
न बोलता, लाल पेन्सिल न घेता,
सगळीकडून एकाच वेळी बघत होतं.

काठावर यासीनभाई
पर्स डोक्यावर धरून हलवत होते.
काकू, ओजस म्हणाला, पायाला मुंग्या आल्यात,
टाच काढू का आता?

अजून नको, म्हटलं.
अजून थोडा वेळ.