बँडची गाठ

राजिवड्यात दाऊदचाचा फणसोपकरांना
सगळे ‘लिव्हरपूल’ म्हणत,
आणि ते त्या नावाला ओ देत नसत.
‘लिव्हरपूल नव्हे, बर्कनहेड. मध्ये नदी आहे.
भाट्याला कोण रत्नागिरी म्हणतं काय?’

बोट गोदीत, दुरुस्तीला.
सत्तावन्न सालची थंडी.
गोदीमागच्या बोळात चार पोरं:
एक गिटार, तीही उसनी;
कपडे घासायची पत्र्याची फळी,
ती खरवडायला बोटांत शिंप्याची अंगुस्तानं;
आणि एक चहाचं खोकं, उपडं घातलेलं,
त्यात झाडूचा दांडा, दांड्याला दोरी.
दोरी ओढली की खोकं घुमायचं
रिकाम्या पडावात कोणी खोकल्यासारखं.

खोक्यावर आसामातल्या मळ्याचा शिक्का.
‘आमच्याच बोटीतनं उतरलेलं असणार.
म्हणजे बँडात आपला माणूस
माझ्याआधीच होता.’

दोरी सारखी घसरे.
पोरांना गाठ मारता येईना
आणि खलाशाला ते बघवेना.
एवढंच झालं.
बाकी सगळं चाचा दरवेळी वेगळं सांगत:
कधी तीन आठवडे वाजवलं,
कधी एकच संध्याकाळ,
कधी नुसतं खोकं धरून उभे होते
कारण वारा होता.

पुढचा इतिहास पत्रांतून आला, तोही तुटक.
खोकं गेलं, विजेचा बास आला.
चौघांना एकसारखे निळे कोट शिवले.
नाव दोनदा बदललं.
एक तबकडी निघाली. दुसरी नाही.
फळीवाला रेल्वेत लागला,
गिटारवाला कॅनडात,
आणि ज्याचा आवाज बरा होता
त्याचं लग्न झालं.

तबकडी राजिवड्यात पोचली बासष्टला,
कोपऱ्याला टवका उडालेली.
वाजवायला यंत्र कर्ल्यात, मुकादमांकडे.
होडीतून नेली, मांडीवर, बाळासारखी.
मुकादमांच्या आईने आतून विचारलं,
‘इंजिन चालू कोणी केलं?’

चाचांनी दोन्ही बाजू ऐकल्या.
पुन्हा पिशवीत घातली.
‘दोरी सोडली त्यांनी,’ म्हणाले,
आणि भरती लागायच्या आत निघाले.

आता ती तबकडी कुठे आहे, मला माहीत नाही.
मी ट्रॉलरवर जातो. नायलॉनचा दोर ओला झाला
की साधी गाठ सरकते,
तेव्हा एक वळसा उलटा, एक खालून,
आणि अंगठ्याने दाबून धरायचं.
आमच्याकडे तिला बँडची गाठ म्हणतात.
नवी पोरं विचारत नाहीत, कुठला बँड.
लग्नातला असेल,
असं धरून चालतात.